वायफाय १ वर, झिगबी ११ वर, तरी दोघं एकमेकांच्या पायात का येतायत?

तिसरा_मजला (बुधवार, रात्री ११:१२)

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा, शब्दशः प्रकाशच हवाय. पुण्यात सिंहगड रोडला टू बीएचके, तिसरा मजला, चारी बाजूंनी बिल्डिंगा. आई ७२ वर्षांची, रात्री उठली की पॅसेजमधलं बटण तिला सापडत नाही म्हणून दिवाळीत मी तिथे मोशन सेन्सर आणि बल्ब लावला, दोन्ही झिगबीवाले (वायफायसारखंच बिनतारी, पण बल्ब-सेन्सरसाठीचं, कमी विजेवर चालणारं). हॉलमध्ये अजून एक झिगबी बल्ब, दाराला एक सेन्सर, गॅलरीत एक. सगळं एका छोट्या कॉम्प्युटरच्या मागे यूएसबीत खोचलेल्या झिगबीच्या डोंगलवर चालतं. तीन महिने एकदम झकास चाललं.

गेल्या महिन्यात इंटरनेट बदललं, नवीन राउटर आला, त्याच झटक्यात हॉलमध्ये मोठा टीव्हीपण घेतला, आणि तेव्हापासून वाट लागलीय. संध्याकाळपासूनच कुरबुर सुरू होते आणि रात्री आठ ते दहा तर पॅसेजचा दिवा एक तर लागतच नाही किंवा माणूस पॅसेज ओलांडून गेल्यावर लागतो. आई म्हणते, "तुझा दिवा माझ्या मागून येतो, पुढे काय उजेड पाडणार." शिवाय मायक्रोवेव्हमध्ये बाबांचं दूध ठेवलं की माझे ब्लूटूथ इअरफोन खर्रर्र करायला लागतात, ते वेगळंच.

फोनवर ॲप टाकून बघितलं तर घरबसल्या ३१ वायफाय दिसली. माझा राउटर ऑटोवर आहे, तो चॅनेल १ वर बसलाय आणि ४० मेगाहर्ट्झ असं काहीतरी दाखवतोय. झिगबी ११ वर आहे, सॉफ्टवेअरनं आपोआप धरलेला, मी हात लावलेला नाही. म्हणजे एक या टोकाला, एक त्या टोकाला, मग भांडण कशावरून? नेमका कुठला चॅनेल कुणाला द्यायचा?

---

दुपारची_झोप (बुधवार, रात्री ११:३१)

दूध गॅसवर तापवा. सायपण येते. पुढचा प्रश्न?

---

लोकलकर (बुधवार, रात्री ११:४८)

भाऊ सोप्पं आहे, ॲपमध्ये ग्राफ बघा सगळी गर्दी १, ६ आणि ११ वर असते, मधले ३, ४, ८, ९ रिकामे दिसतात तिथे आपला राउटर ढकलायचा, मी ठाण्यात तीन वर्षं ४ नंबरवर आहे काही प्रॉब्लेम नाही

---

जुना_रेडिओवाला (गुरुवार, सकाळी ७:०५)

लोकलकर, राग मानू नका, पण हा सल्ला पहिल्यांदा कुणी दिला त्याला शोधतोय मी. सविस्तर लिहितो, चहा शेजारी घेऊन बसलोय.

आधी धागाकर्त्यांचा गैरसमज. वायफायचा ११ आणि झिगबीचा ११ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नंबर एकच, गाव वेगळं. दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढ्याच वाड्यात राहतात, पण खोल्यांना नंबर आपापल्या पद्धतीनं घातलेत. वायफायचा चॅनेल १ म्हणजे २४१२ च्या दोन्ही बाजूला साधारण १०-१० मेगाहर्ट्झ. झिगबीचे चॅनेल ११ पासून सुरू होऊन २६ पर्यंत, प्रत्येकाची रुंदी फक्त २, आणि त्यांचा ११ नंबर म्हणजे २४०५. आता मांडा हिशोब. तुमचा झिगबी या टोकाला नाही न् त्या टोकाला नाही, तो वायफायच्या बरोबर मांडीखाली बसलाय. वर राउटर ४० मेगाहर्ट्झ रुंद पसरलेला, म्हणजे २४०२ पासून २४४२ पर्यंत त्याचीच सतरंजी. झिगबीचे ११ ते १८ एका दमात झाकले गेले.

आता 'मधला रिकामा चॅनेल' का नको. वायफायच्या नंबरांमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झचं आणि रुंदी २० ची. १, ६, ११ एकमेकांना शिवत नाहीत म्हणून तिथे गर्दी असते, आणि ती गर्दी चांगली असते! कारण एकाच चॅनेलवरची वायफाय एकमेकांचं बोलणं समजू शकतात. आधी ऐकायचं, शांत असेल तर थोडा थांबा, मग चिठ्ठी टाकल्यासारखा कुठलातरी नंबर मनात धरायचा, तो मोजून झाला की बोलायचं. शिवाय प्रत्येक जण बोलता बोलता 'अजून इतके मायक्रोसेकंद माझे' असं सांगून ठेवतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं. बाकीचे तो रुमाल बघून थांबतात. तुम्ही ४ वर गेलात की १ वाल्यांचा आणि ६ वाल्यांचा, दोघांचाही रुमाल तुम्हाला ओळखू येत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. तुमचाही त्यांना. लोकलकर, तुम्हाला प्रॉब्लेम नसेल, तुमच्या शेजाऱ्यांना विचारा एकदा.

आणि खरी गंमत इथेच आहे. झिगबीला रुमाल कळत नाही, वायफायला झिगबी कळत नाही. वायफायचे कान वायफायसाठी तिखट असतात, उणे ८२ डीबीएमपर्यंतचं (हे सिग्नलच्या जोराचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक) दुसऱ्या वायफायचं बोलणं त्याला ऐकू येतं. पण अनोळखी आवाज असेल तर तो उणे ६२ च्या वर गेल्याशिवाय थांबायचं नाही असा नियम. म्हणजे अनोळखी माणसानं शंभरपट जोरात ओरडलं तरच दखल. बॅटरीवरचा बिचारा सेन्सर पॅसेजच्या कोपऱ्यातून पुटपुटतोय, त्याची राउटरला खबरही नसते. तो झिगबीच्या डोक्यावरूनच बोलत सुटतो.

त्यात वेगाचा फरक बघा. वायफाय गप्प बसण्याची रिकामी जागा २०-३० मायक्रोसेकंदात हेरतं आणि पुढचं मोजायला घेतं. झिगबीचा मोजायचा एकच टप्पा ३२० मायक्रोसेकंदाचा. असे शून्य ते सात टप्पे थांबायचं, मग १२८ मायक्रोसेकंद कान देऊन ऐकायचं, आणि रिकामं असेल तर ऐकण्यावरून बोलण्यावर यायला आणखी १९२. त्या १९२ मध्ये वायफाय आत शिरून दार लावूनपण घेतं. झिगबी असा पाच वेळा प्रयत्न करतो आणि मग नाद सोडतो. वर त्याचा वेग २५० केबीपीएस, पूर्ण लांबीचा एक निरोप सांगायला चारेक मिलिसेकंद लागतात. रात्री आठ ते दहा शेजारीपाजारी सगळे टीव्हीवर मॅच नाहीतर मालिका ओढत असतात, तेव्हा सलग चार मिलिसेकंद निवांतपणा कुठून मिळणार?

करायचं काय: राउटरचा ऑटो बंद, चॅनेल १ पक्का, रुंदी २०. २.४ मध्ये ४० ठेवणं म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन जागांच्या मधोमध गाडी लावणं. झिगबी २५ वर न्या, म्हणजे २४७५. तिथे वायफायच्या ११ ची सावली जेमतेम पोचते. १५ आणि २० पण फटीत आहेत, पण शेजारच्या ३१ जणांतले किती जण ४० वर पसरलेत कुणास ठाऊक. २६ मात्र टाळा, बऱ्याच उपकरणांना त्या चॅनेलवर जोर कमी करावा लागतो आणि काहींना तो येतच नाही.

आणि तो डोंगल कॉम्प्युटरच्या मागे नेमका कुठे खोचलाय? शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क वगैरे नाही ना?

---

तिसरा_मजला (गुरुवार, सकाळी ९:२०)

काका, आहे की! डोंगलच्या शेजारच्याच पोर्टमध्ये निळ्या तोंडाची हार्ड डिस्क. त्यात आईबाबांच्या लग्नाची कॅसेट डिजिटल करून ठेवलीय. तिचा काय संबंध?

---

जुना_रेडिओवाला (गुरुवार, सकाळी ९:४१)

बरोब्बर. यूएसबी ३ वर माहिती इतक्या वेगानं पळते की तिचा गोंगाट थेट २.४ गिगाहर्ट्झपर्यंत सांडतो. इंटेलनं २०१२ मध्येच यावर कागद काढला होता. डोंगलला मीटरभराची साधी यूएसबी २ ची एक्स्टेंशन लावा आणि त्याला कॉम्प्युटरपासून, राउटरपासून लांब ठेवा. दीडशे-दोनशे रुपयांत काम होईल. इथल्या निम्म्या झिगबी तक्रारींचं हेच औषध आहे, पण स्वस्त असल्यामुळे कुणाचा विश्वास बसत नाही.

---

मिसळ_कमी_तिखट (गुरुवार, दुपारी १:१५)

वाचनखूण साठवली. रेडिओवाले काका, ब्लूटूथचं पण सांगा ना, माझंपण फोनवर मीटिंग आणि कानात इअरफोन असं चालू असताना मधेच आवाज तुटतो, मायक्रोवेव्ह तर माझ्याकडे नाहीच्चे.

---

चिप_चिप_चिमणी (गुरुवार, दुपारी २:३०)

हे मी सांगते, पोटापाण्याचा धंदाच आहे.

ब्लूटूथ या तिघांत सगळ्यात शहाणं भावंड. जुनं ब्लूटूथ, म्हणजे गाणी वाजवणारं, पट्ट्याचे ७९ तुकडे करतं आणि सेकंदाला १६०० उड्या मारतं. एका तुकड्यावर आदळलं तरी पुढच्या क्षणी दुसरीकडे. २००३ च्या आवृत्तीपासून तर ते खराब तुकडे लक्षात ठेवून वगळतं, फक्त निदान २० तरी हातात ठेवावे लागतात. नवीन कमी बॅटरीवालं ब्लूटूथ, घड्याळ, बीपी मशीन वगैरेत असतं ते, ४० तुकडे करतं, आणि त्यातले 'मी इथे आहे' असं ओरडायचे तीन तुकडे मुद्दाम २४०२, २४२६ आणि २४८० वर ठेवलेत. आता काकांचे १, ६, ११ परत आठवा. तिन्ही जागा वायफायच्या फटीत येतात. ज्यानं कुणी हे टेबलावर बसून ठरवलं त्याला माझा नमस्कार.

मग मिसळताई तुमचा आवाज का तुटतो? कारण भांडण हवेत नसून फोनच्या पोटात आहे. बहुतेक फोनांत २.४ चं वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि बरेचदा अँटेनापण एकच. आतमध्ये एक ट्रॅफिक हवालदार बसवलेला असतो, तो ठरवतो आता वायफाय, आता ब्लूटूथ, आता परत वायफाय. मीटिंगला दोघांनाही सारखा रस्ता हवा असतो. फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका, हवालदाराचं निम्मं काम संपतं. घरी प्रयोग करणाऱ्यांसाठी: ती चारेकशे रुपयांची ईएसपी३२ पाटी (प्रोग्राम करायचं छोटं सर्किट) मिळते ना, तिच्यातपण वायफाय आणि ब्लूटूथ मिळून एकच रेडिओ आहे, दोन्ही जोरात चालवायला गेलात की ती रडते, तुमचा कोड बरोबर असतो.

मायक्रोवेव्हचं वेगळं. तो २४५० च्या आसपास चालतो आणि त्याला ऐकणं, थांबणं, रांग हे काहीच माहीत नाही. हजारभर वॅटमधलं कणभर जरी दाराच्या फटीतून झिरपलं तरी तुमच्या राउटरच्या १०० मिलिवॅटपुढे ते दांडगंच. पण साध्या मायक्रोवेव्हची मजा अशी की तो विजेच्या अर्ध्याच फेरीत बोलतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे दर २० मिलिसेकंदातले साधारण १० गोंगाट आणि १० शांतता. वायफाय त्या शांततेत आपलं घोडं दामटतं, म्हणून नेट मंद होतं पण मरत नाही. इअरफोनवरचा आवाज मात्र साठवून ठेवायला जागा थोडी असते, तिथे खर्रर्र ऐकू येतं. इन्व्हर्टरवाल्या मायक्रोवेव्हला ही शिस्त लागू नाही.

---

लोकलकर (गुरुवार, संध्याकाळी ७:५०)

काका ४ वरून ६ वर आलोय, बायको म्हणते स्पीड वाढला. म्हणजे शेजाऱ्यांचापण वाढला असेल 😄 पण एक सांगा, स्पीड कमी असलेलं जुनं मशीन सगळ्यांना मागे ओढतं हे खरं का? माझ्याकडे पुरातन प्रिंटर आहे.

---

जुना_रेडिओवाला (गुरुवार, रात्री ९:१०)

खरं. नियम सगळ्यांना बोलायची संधी सारखी देतो, वेळ सारखा देत नाही. पंगतीत सगळ्यांना एकेकच जिलबी, पण आजोबांची संपेपर्यंत ताट उचलायचं नाही. १५०० बाइटचा एक गठ्ठा १ एमबीपीएसनं पाठवायला १२ मिलिसेकंद जातात, तोच ५४ नं पाव मिलिसेकंदाच्याही आत. तुमचा प्रिंटर महिन्यातून दोनदा छापतो, त्याला क्षमा आहे.

त्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे 'मी आहे, मी आहे' हे ओरडणं. प्रत्येक वायफाय दर १०२.४ मिलिसेकंदाला आपलं नाव सांगतं आणि २.४ वर बरेच राउटर ते १ एमबीपीएसनंच सांगतात, सगळ्यात जुन्यालाही कळावं म्हणून. एक आरोळी अडीचशे बाइटची धरली तर सव्वादोन मिलिसेकंद. एका चॅनेलवर अशी दहा नावं असतील तर पाचवा हिस्सा वेळ नुसता नावं सांगण्यात गेला, अजून कुणी एक फोटोसुद्धा पाठवलेला नाही. आणि लोक गेस्ट नेटवर्क, कॅमेऱ्याचं नेटवर्क, पोराचं नेटवर्क अशी एकाच डब्यातून चार-चार नावं काढतात. टीव्ही, लॅपटॉप, फोन ५ गिगाहर्ट्झवर हलवा. २.४ हे ज्यांना दुसरं काही येत नाही अशा बल्ब-प्लगवाल्या गरिबांसाठी सोडा.

---

दुपारची_झोप (गुरुवार, रात्री ९:३५)

हे सगळं वाचून वाटतंय की शेजाऱ्याविरुद्ध तक्रारच करावी. कुठे करतात?

---

चिप_चिप_चिमणी (गुरुवार, रात्री १०:०२)

कुठेच नाही. २.४ चा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये लायसन्समुक्त झाला तोच या अटीवर की दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल संरक्षण मागायचं नाही आणि जागा वाटून घ्यायची. २०१८ च्या ऑक्टोबरात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा असाच मोकळा केला. तुमच्या तक्रारीला भांडायला जागाच नाही. आणि तो मायक्रोवेव्ह या पट्ट्यात वायफायच्या कितीतरी आधी राहायला आलाय, तसं बघितलं तर उपरे आपणच.

---

द्राक्षबाग_नाशिक (शुक्रवार, सकाळी ६:२०)

थोडं अवांतर. आमच्या बागेत मातीच्या ओलीचे सेन्सर आहेत, लोरावाले (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ), ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतात, तोही आपल्याकडे मोकळा पट्टा. वायफायची कटकट नाही, दीड किलोमीटरवर शेतघरात सिग्नल येतो. पण इथेपण वाटून खायचंच आहे हे उशिरा कळलं. मी हौसेनं सगळे सेन्सर दर मिनिटाला बोलायला लावले आणि सगळ्यात लांबच्या पल्ल्याच्या सेटिंगवर टाकले. त्या सेटिंगला एकेक निरोप सव्वा-दीड सेकंद चालतो. आणि हे लोक ऐकून बोलतच नाहीत हो, मनात आलं की बोलतात! शेजारच्या बागेतपण तसलेच सेन्सर, ठरलेले चॅनेल तीन, त्यांचे निम्मे निरोप हरवायला लागले, भाऊबंदकी व्हायची वेळ आली. आता अर्ध्या तासाला एकदा, आणि जवळच्यांना छोट्या पल्ल्यावर. मातीची ओल मिनिटाला बदलत नाही, हे मला माझ्या आजोबांनी फुकट सांगितलं असतं.

---

जुना_रेडिओवाला (शुक्रवार, सकाळी ७:१५)

द्राक्षबाग, तुम्ही ५० वर्षं मागे गेलात. हवाईत १९७१ मध्ये नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेटनं हेच केलं होतं, बेटाबेटावरची टर्मिनलं एकाच चॅनेलवर मनात येईल तेव्हा बोलायची, पोच आली नाही तर थोडं थांबून परत. गणित करून बघितलं तर अशा पद्धतीत चॅनेलचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळच सत्कारणी लागतो. पुढे 'आधी ऐका मग बोला' आलं ते यातूनच. पण क्वचित बोलणाऱ्यांना अलोहाच स्वस्त पडतं, कारण ऐकायलापण बॅटरी लागते.

---

तिसरा_मजला (रविवार, रात्री १०:५०)

मंडळी, अहवाल. शनिवारी सगळं केलं. राउटर १ वर पक्का, रुंदी २०. टीव्ही आणि फोन ५ वर. डोंगलला एक्स्टेंशन लावून तो शोकेसवर, गणपतीच्या बाजूला ठेवला. झिगबी २५ वर नेला, बल्ब आपसूक मागे आले पण बॅटरीवाले तिन्ही सेन्सर परत पेअर करायला लागले, त्या पॅसेजवाल्याचं बारीक बटण सेफ्टी पिननं दाबता दाबता नखं गेली. इअरफोन एकदम शांत, दूध तापत असतानापण.

दिवसभर पॅसेजचा दिवा पापणी लवायच्या आत. मी खूश. आणि आज रात्री साडेआठला पुन्हा ठणठण गोपाळ. लागलाच नाही. दहा वाजता आपोआप नीट. आता मात्र मला भूतबाधा वाटायला लागलीय.

---

चिप_चिप_चिमणी (रविवार, रात्री ११:०५)

तुमचं सॉफ्टवेअर नकाशा दाखवतं का, कोण कुणामार्फत बोलतंय तो? पॅसेजचा सेन्सर थेट डोंगलशी बोलतोय की कुणाच्या तरी खांद्यावरून? आणि आठ ते दहा घरात काय वेगळं घडतं?

---

तिसरा_मजला (सोमवार, रात्री ९:०२)

सापडलं. हसू नका.

नकाशात पॅसेजचा सेन्सर आणि पॅसेजचा बल्ब, दोघंही हॉलच्या बल्बमार्फत बोलताना दिसले. आज मुद्दाम आठला हॉलमध्ये बसलो. मालिका सुरू झाली, आई उठली, भिंतीवरचं बटण खट्ट करून हॉलचा बल्ब बंद केला आणि परत येऊन बसली. म्हटलं हे काय? तर म्हणे नवीन टीव्हीवर त्या दिव्याची तिरीप येते, शिवाय दोन तास कशाला जाळायचा. दहाला मालिका संपली की चालू करते. महिनाभर रोज.

---

जुना_रेडिओवाला (सोमवार, रात्री ९:२०)

म्हणजे मधला टपालवालाच रोज आठ ते दहा सुट्टीवर. बल्बची वीज भिंतीवरून तोडली की तो निरोप पुढे देणार कसा, आणि स्वस्तातले सेन्सर दुसरा रस्ता शोधायला तासन्‌तास लावतात. संध्याकाळची कुरबुर होती ती चॅनेलची आणि हार्ड डिस्कची, ती गेली. हा त्याच्यावरचा थर होता. एक झिगबीचा प्लग आणा आणि जिथलं बटण घरात कुणीच बंद करत नाही तिथे लावा. फ्रिजच्या मागे उत्तम. सेन्सर त्या प्लगजवळ नेऊन एकदा परत पेअर करा.

---

तिसरा_मजला (सोमवार, रात्री ९:३३)

फ्रिजच्या मागे चालेल. आईला विचारलं, फ्रिजचं बटण कधी बंद करतेस का? म्हणाली, "गावाला जाताना."